टाका दिसत नाही, म्हणून वही ठेवा

पत्र :

“डॉक्टर, माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, टेम्पो चालवतात. वर्षभर बाजूने येणारी गाडी त्यांना दिसत नव्हती. दोनदा चष्मा बदलला, फरक नाही. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजरेचा घेर तपासला आणि एमआरआय करायला लावला. पिट्युटरीवर अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. पुण्यात नाकावाटे दुर्बिणीने ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी लघवी फार होत होती, एक गोळी दिली, मग थांबली. पाचव्या दिवशी घरी सोडलं. आज आठवा दिवस. कालपासून ते सुस्त आहेत, मळमळतंय, डोकं ठणकतंय, जेवण नको म्हणतात. सासूबाई म्हणतात, अंगातली ताकद गेलीय, नारळपाणी, सरबत, ताक देत राहा. कार्डावर ‘डायबेटीस’ असं काहीतरी लिहिलंय म्हणून नणंदेने चहातली साखर बंद केली. गोळ्यांमध्ये स्टेरॉइड आहे असं कळल्यावर दुपारची गोळी आम्हीच थांबवली. डोक्याला टाका नाही, पट्टी नाही, त्यामुळे सगळे म्हणतात छोटंसं ऑपरेशन होतं, उगाच घाबरतेस. मी नेमकं काय बघायचं? ते टेम्पो कधी चालवू शकतील? दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतात, यंदा जमेल का? आणखी एक विचारायचं आहे, पण लिहायला संकोच वाटतो.”
— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर सदराच्या तारखेची वाट न पाहता मी तुम्हाला फोन केला आणि तासाभरात रक्तातलं सोडियम तपासून घ्यायला सांगितलं. तालुक्याच्या लॅबमध्ये ते १२४ आलं. निरोगी माणसात ते १३५ ते १४५ असतं. त्याच रात्री तुम्ही त्यांना परत पुण्याला नेलंत, पाण्यावर बंधन आलं, स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं आणि आता ते १३७ वर घरी आहेत. तुम्ही घाबरलात ते अगदी योग्य वेळी घाबरलात. तुमच्या परवानगीने सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण अशाच परिस्थितीतली माणसं मला ओपीडीत नेहमी भेटतात.

आधी ‘छोटंसं ऑपरेशन’ याबद्दल. पिट्युटरी ग्रंथी वाटाण्याएवढी असते आणि मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या पोकळीच्या वर बसलेली असते. त्यामुळे नाकातून तिथे पोचता येतं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये हर्मान श्लोफर यांनी १९०७ साली पहिल्यांदा या वाटेने गाठ काढली. आज कान-नाक-घसातज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन मिळून दुर्बिणीने हे काम करतात, कवटी उघडावी लागत नाही, आणि रुग्ण चार-पाच दिवसांत घरी जातो. हे सगळं चांगलंच आहे. पण बाहेर जखम दिसत नाही म्हणून आत जखम नाही असं घरच्यांना वाटू लागतं. पोटाचं ऑपरेशन झालं असतं तर तुमच्या सासूबाईंनी टाक्याकडे बघून रोज अंदाज घेतला असता. इथे बघायला काही नाही. म्हणून इथे मोजावं लागतं.

आता त्या सुस्तीबद्दल. शरीरात पाणी किती राखायचं हे ठरवणारं एक हार्मोन पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवलेलं असतं. ऑपरेशनमध्ये तिथल्या नसांना धक्का बसला की पहिले काही दिवस ते हार्मोन बाहेर येत नाही, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत आणि पाण्यासारखी लघवी धो-धो होते. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे झालं ते हेच. कार्डावर लिहिलेला ‘डायबेटीस इन्सिपिडस’ तो हाच. त्याचा साखरेशी काडीचाही संबंध नाही, चहात साखर खुशाल घाला. पुढे कधी इमर्जन्सीमध्ये गेलात आणि तिथल्या कुणी हे नाव वाचून शुगर तपासायला घेतली, तर तपासू द्या, पण ‘हा पाण्याचा आजार आहे, साखरेचा नाही’ असं तोंडाने स्पष्ट सांगा.

यानंतर जे होऊ शकतं ते लोकांना माहीत नसतं. दुखावलेल्या नसांमध्ये साठलेलं ते हार्मोन साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुतेकदा सातव्या दिवसाच्या आसपास, एकदम सुटतं. मग मूत्रपिंडं पाणी सोडायलाच तयार होत नाहीत. माणूस पितो ते सगळं अंगात साठतं, रक्त पातळ होतं, सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, जेवणावरची वासना जाणं, सुस्ती, नंतर बोलण्यात गोंधळ आणि अगदीच दुर्लक्ष झालं तर आकडी (फिट). नेमक्या याच दिवसांत माणूस घरी आलेला असतो आणि भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम फारसं नसतं. या अवस्थेत ते म्हणजे आणखी पाणीच. मीठ जास्त खाऊनही हे भरून निघत नाही, कारण इथे मीठ कमी पडलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं.

म्हणूनच अनेक ठिकाणी घरी सोडतानाच ‘सातव्या दिवशी सोडियम करून आणा’ असं सांगतात आणि काही ठिकाणी पहिल्या आठवड्यात दिवसाला एक-दीड लिटरचीच मर्यादा घालतात. तुमच्या कार्डावर असं काही लिहिलं नसेल तर फोन करून विचारून घ्या. विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने पाणी तोडू नका, कारण ज्याला लघवी धो-धो होते आहे त्याचं पाणी तोडलं तर तो कोरडा पडतो आणि सोडियम उलट वर चढतं. तिथे तहान लागेल तेवढं प्यायलाच हवं. काही जणांना तर दोन्ही अवस्था झाल्यावर लघवी पुन्हा वाढते आणि मग ती कायमची राहते. त्यांना डेस्मोप्रेसिनच्या, म्हणजे त्याच हार्मोनचं काम करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. नाकातला स्प्रे अशा वेळी भरवशाचा नसतो, कारण नाकच आतून सोललेलं असतं. आणि ही गोळी चालू असताना सोडियम उतरण्याची अवस्था आली, तर गोळीच आगीत तेल ओतते. सुस्ती आली की पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन.

कोण कोणत्या अवस्थेत आहे हे कळायला वही लागते. मुलाची शाळेची जुनी वही चालेल. आधी घरातला रोजचा तांब्या लिटरच्या बाटलीने मोजून घ्या, त्यात किती मावतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग वेळ, किती प्यायले, लघवी किती आणि रंग कसा. चहा, ताक, आमटीचं पाणी, सार, कलिंगड हे सगळं ‘प्यायले’ या रकान्यात जातं. लघवीसाठी खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्या, तुमच्या मिस्टरांना सुरुवातीला लाज वाटेल, दुसऱ्या दिवशी सवय होईल. सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज एकाच वजनकाट्यावर वजन. एका दिवसात किलोभर वजन वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. लागोपाठ दोन तास तासाला पाव लिटरहून जास्त लघवी झाली, किंवा दिवसाची बेरीज तीन लिटरच्या वर गेली, तर कळवायचं. लघवी अगदी कमी, गडद आणि माणूस मलूल, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. पहिले दोन आठवडे ही वही सोडू नका.

तुमच्याकडे मात्र सोडियम उतरायला आणखी एक कारण हातभार लावत होतं, ती दुपारची थांबवलेली गोळी.

‘स्टेरॉइड’ म्हटलं की आपल्याकडे घरात सन्नाटा पसरतो. हाडं झिजतात, तोंड सुजतं, सवय लागते, हे सगळं लोकांनी ऐकलेलं असतं, आणि मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर त्यात तथ्यही आहे. पण तुमच्या मिस्टरांची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी वेगळ्या कामासाठी आहे. आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात आणि ते बनवायचा हुकूम पिट्युटरीकडून येतो. हुकूम देणारी ग्रंथी सध्या दुखावलेली आहे. गोळीतून आपण रोजच्या गरजेइतकंच, साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, भरून देतो आहोत. ते थांबवलं तर रक्तदाब पडतो, साखर उतरते, उलट्या होतात, सोडियम घसरतं आणि माणूस जीवानिशी जाऊ शकतो. सासूबाईंना एवढंच सांगा की हे त्यांच्या मुलाच्या अंगात आधीपासून रोज तयार होणारंच द्रव्य आहे. सकाळचा डोस उठल्या उठल्या, तोच सगळ्यात मोठा. गोळी कायमची आहे की नाही हे काही आठवड्यांनी, सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी कॉर्टिसोल तपासून ठरतं. आदल्या दिवशीचा कुठला डोस वगळायचा ते तपासणीआधी विचारून घ्या. अनेकांची ग्रंथी सावरते आणि गोळी सुटते. पण ती सोडवायची तपासणीवरून.

आणि हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या : ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्या दिवसापासून डोस दुप्पट, ताप उतरेपर्यंत. फार जास्त ताप असेल तर तिप्पट, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात उलटी झाली तर पुन्हा द्या. तीही पडली तर गोळीचा नाद सोडा आणि १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळेल तिथे गाडी काढा. गाडी नसेल तर १०८ ला फोन. दात काढायचा असो की हाड मोडलेलं असो, समोरच्या डॉक्टरला ‘मी हायड्रोकॉर्टिसोनवर आहे’ हे पहिलं वाक्य. त्यांच्या पाकिटात, लायसन्सच्या मागे, हेच मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

नाकाकडे येते. मेंदूभोवतीचं पाणी नाकात येऊ नये म्हणून सर्जनने आतून झाकण बसवलेलं असतं, कधी पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी लावून. ते जुळून यायला वेळ लागतो आणि तोवर आतून जोर बसता कामा नये. महिनाभर तरी नाक शिंकरायचं नाही, आलेलं पुसून घ्यायचं. शिंक आली तर नाक दाबून रोखायची नाही, तोंड मोठं उघडून सोडायची. घरात मिरचीची फोडणी द्यायची असेल तेव्हा त्यांना बाहेर ओट्यावर बसवा, ठसका लागला की सगळी पथ्यं वाया. भरलेली बादली, सिलिंडर, टेम्पोतलं पोतं, काही उचलायचं नाही. वडीलधारे भेटायला आले तर हात जोडून नमस्कार, वाकून नको. शौचाला जोर करायचा नाही, रात्री इसबगोल द्या आणि शक्य असेल तर कमोड वापरा. शहाळंच द्यायचं तर स्ट्रॉ न लावता, भांड्यात ओतून, आणि वहीत लिहून. तपकीर, मिश्री, तंबाखू बंद. तुमच्या गावातल्या कुणी नाकात तूप सोडायला, जलनेती करायला किंवा वाफारा घ्यायला सांगितलं असेल, तर सर्जनने हो म्हणेपर्यंत त्यातलं काहीही नाही. कपालभाती तर मुळीच नाही. मिठाच्या पाण्याचा स्प्रे किंवा धुणं सर्जन सांगतील त्या दिवसापासून मात्र नेमाने करा, आतल्या खपल्या त्यानेच निघतात. काही आठवडे वास येणार नाही, अन्न बेचव लागेल, रक्ताळलेला शेंबूड येईल. हे होतं, बहुतेकांचं ओसरतं.

चिंतेचं काय, तर एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ थेंब-थेंब गळणं, विशेषतः पुढे झुकल्यावर. किंवा घशात मागून खारट पाणी उतरतंय असं सतत वाटणं, बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी. सर्दी समजून सोडून देऊ नका. स्वच्छ बाटलीत ते पाणी थोडं धरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा, मेंदूचंच पाणी आहे का हे त्यावरून प्रयोगशाळेत कळतं. त्यात ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं यातलं काही आलं, तर मेंदूज्वराची शंका घेऊन तासाभरात निघायचं. ऑपरेशननंतर एक ते तीन आठवड्यांत नाकातून अचानक लाल रक्ताची धार लागली तर ताठ बसवून थोडं पुढे झुकवा, रक्त गिळू देऊ नका, नाकात कापूस कोंबू नका आणि हॉस्पिटल गाठा. आणि नजर. सकाळी उठल्यावर रोज एक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा, मग दुसरा. काल दिसत होतं आणि आज अंधुक, किंवा एकाचे दोन दिसतायत, तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता असते. अशा वेळी रात्र काढायची नसते.

गाठ कॅन्सरची असते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. पिट्युटरीच्या गाठी बहुतेक सगळ्या साध्या असतात. कोणत्या प्रकारची आहे ते बायोप्सीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असेल, तो फाइलला लावा. साधारण तीन महिन्यांनी एमआरआय करून काही राहिलंय का बघतात, त्याआधी केला तर ऑपरेशनची सूज आणि उरलेली गाठ यांतला फरक कळायला अवघड जातो. पुढे काही वर्षं वर्षातून एकदा, कारण राहिलेला भाग हळूहळू वाढू शकतो.

थायरॉइडबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, ती गावात हमखास चुकते. थायरॉइडसाठी आपल्याकडे नुसतं टीएसएच बघतात. पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारं हार्मोन, पिट्युटरीच बनवते, आणि बिघाड तिच्यातच असला तर टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉइड कमी असू शकतं. तुमच्या मिस्टरांसाठी फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडने बनवलेलं हार्मोनच, बघायचं. ते कमी निघालं तर थायरॉइडची गोळी स्टेरॉइडची खातरजमा झाल्यावरच सुरू करायची. उलट क्रमाने केलं तर शरीरात उरलंसुरलं कॉर्टिसोल झपाट्याने संपतं आणि माणूस कोसळू शकतो. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात तर हे नम्रपणे पण आग्रहाने सांगा.

तुम्ही जे लिहायला संकोचलात ते मला बहुतेक कळलं. मोठी गाठ असलेल्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरलेलं असतं, कित्येकदा ऑपरेशनच्या आधी वर्ष-दोन वर्षांपासून. इच्छा होत नाही, ताकद वाटत नाही, चिडचिड होते, आणि नवरा-बायको दोघंही मनात काहीतरी वेगळंच धरून बसतात. ताई, यात तुमचं काही कमी नाही आणि त्यांचंही मन फिरलेलं नाही. रक्ताची तपासणी आहे, उपचार आहे. दोन-तीन महिन्यांनी बाकीच्या हार्मोन्सबरोबर हेही तपासायला सांगा. तपासणीच्या दिवशी तुम्ही सोबत जा आणि त्यांना बोलायला जड जात असेल तर तुम्ही बोला. डॉक्टरांना हे नवीन नसतं. थकवा आणि मधूनच येणारं रडू मात्र दोन-तीन महिने राहू शकतं, त्याची लाज त्यांना वाटू देऊ नका.

टेम्पो. घर त्यावर चालतं हे मला कळतं, तरी घाई करू नका. त्यांची बाजूची नजर गेली होती, दोन्ही बाहेरच्या बाजूंची, कारण गाठ डोळ्यांच्या नसांच्या चौकात खालून दाबत होती. दाब निघाल्यावर पुष्कळांची नजर सुधारते, काहींची काही दिवसांतच, काहींची महिन्यांनी. पण ‘आता दिसतंय’ या त्यांच्या शब्दावर टेम्पो द्यायचा नाही. बाजूचं दिसत नसताना ते दिसत नाही हे माणसाला स्वतःला कळत नाही, म्हणूनच वर्षभर चष्मे बदलण्यात गेलं. तीन महिन्यांच्या आसपास नजरेच्या घेराची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, पुन्हा करा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं की मगच चावी हातात द्या. तोवर मालकाशी बोलून गोदामातली बिलं, फोनवरच्या ऑर्डरी असं बसून करायचं काही मिळतं का बघा.

वारी यंदा चालत नाही. आषाढीला ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेले असतील. अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं, ऊन-पाऊस, मुक्कामाचं पाणी, वेळी-अवेळी जेवण, त्यात एक जुलाब झाला तरी त्यांचा स्टेरॉइडचा हिशोब कोलमडतो. निर्जळ उपास तर त्यांना डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कधीच नको, आणि कुठल्याही उपासाला गोळी चुकवायची नाही. नजर, सोडियम आणि कॉर्टिसोल व्यवस्थित असेल आणि सर्जनने होकार दिला, तर एकादशीच्या एक-दोन दिवस मागेपुढे गाडीने पंढरपूरला नेऊन कळसाचं दर्शन घडवा, गर्दीच्या रांगेत उभं करू नका. पुढच्या वर्षी दिंडीत चालायला माझी हरकत असायचं कारण दिसत नाही. तेव्हाही गोळी चालू असेल, तर वारीच्या दिवसांच्या तिप्पट दिवस पुरतील एवढ्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, एक त्यांच्याजवळ, एक विणेकऱ्यांजवळ. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सिरिंज सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता चालणाऱ्या कुणाच्या तरी खांद्यावरच्या पिशवीत हवं. दिंडीत एखादी नर्स किंवा कंपाउंडर असेल तर त्यांना निघण्याआधीच गाठून ते कधी आणि कसं द्यायचं हे दाखवून ठेवा.